एफएससीचं ऑडिट आणि चेस्टमध्ये उतरणारी माणसं

आमच्या कागद कारखान्याला एफएससीचं ‘चेन ऑफ कस्टडी’ प्रमाणपत्र घ्यावं लागलं, कारण मोठे ग्राहक त्याशिवाय माल उचलायला तयार नव्हते. सुरुवात धंद्यापायी झाली, हे आधीच सांगून टाकते. मी क्वालिटीत आहे, त्यामुळे फाइल माझ्या टेबलावर आली.

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, १९९३ सालची संस्था. जंगल नीट राखून काढलेलं लाकूड आणि बाजारातला कागद यांच्यामधली साखळी कुठे तुटत नाही ना, एवढंच हे प्रमाणपत्र बघतं. आम्ही लाकूड घेत नाही. पल्प, म्हणजे लाकडाचा तयार लगदा, विकत घेतो आणि रद्दीचा लगदा करतो. म्हणजे आमच्या बाजूने सगळा मामला वहीखात्याचा: प्रमाणित माल आत किती आला, घट किती गेली, प्रमाणित म्हणून विकला किती.

सोपं वाटतं ना? पुरवठादाराच्या बिलावर सर्टिफिकेटचा कोड आहे म्हणून भागत नाही. तो कोड एफएससीच्या यादीत शोधायचा, मुदत बघायची आणि आपण घेतोय तो माल त्याच्या स्कोपमध्ये बसतो का, तेही बघायचं. त्यानंतर कन्व्हर्जन फॅक्टर, म्हणजे आत आलेल्या मालातून कागद किती निघतो ते प्रमाण. स्टोअरचा आकडा वेगळा, प्रॉडक्शनचा वेगळा, आणि दोघंही खरे! पल्पचं बिल ‘एअर ड्राय’ वजनावर होतं, म्हणजे दहा टक्के ओलावा धरून. कागदाचा ओलावा त्याहून कमी, पण त्यात खडूची पूड आणि स्टार्च असतं. टनाला टनाने भागलं तर पल्पपेक्षा कागदच जास्त निघाल्यासारखा दिसतो. शेवटी नुसत्या तंतूंचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा गाडी पुढे सरकली.

सेल्सशी खटका उडाला तो ब्रोकवरून. मशीनवर फाटलेला किंवा कडेने कापलेला कागद, म्हणजे ब्रोक, आम्ही परत पल्परमध्ये, लगदा करायच्या यंत्रात, टाकतो. तो ‘रिसायकल्ड’मध्ये धरा, टक्केवारी छान दिसेल, असं त्यांचं म्हणणं. एफएससी ते मानत नाही. त्याच कारखान्यात त्याच प्रक्रियेत परत गेलेला माल ‘रिक्लेम्ड’, म्हणजे रद्दीतून परत मिळवलेला, ठरत नाही. मला हा नियम फार आवडतो. नाहीतर जो कारखाना जास्त कागद फाडेल, तोच जास्त हिरवा ठरायचा.

आता कामगारांचा भाग. २०२१ पासून या मानकात मूलभूत कामगार हक्क आले आहेत: बालमजुरी नको, वेठबिगारी नको, भेदभाव नको, संघटना करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क हवा. आरोग्य आणि सुरक्षेची अट आहेच. एचआरने कायम कामगारांची झकास फाइल दिली. ऑडिटरने ती चाळली आणि विचारलं, ‘‘रद्दीच्या गाठी कोण फोडतं? चेस्ट कोण धुतं?’’ उत्तर एकच: कंत्राटदाराची माणसं. त्यांचं त्या फाइलमध्ये एकही पान नव्हतं.

चेस्ट म्हणजे लगदा साठवायची मोठी टाकी. इथे आमच्या पाण्याची गोष्ट मध्ये येते. आम्ही ताजं पाणी बरंच कमी केलं होतं. मशीनखालचं बॅकवॉटर, म्हणजे लगद्यातून गळालेलं पाणी, डिस्क फिल्टरमधून काढून मशीनवरच्या शॉवरला परत द्यायचं. अहवालात फार देखणं दिसायचं ते. पण पाणी जितकं फिरवत राहाल, तितके त्यात क्षार आणि विरघळलेलं स्टार्च साठतं, तापमानही चढतं. मशीन बंद पडून लगदा हलायचा थांबला की तळाशी हवा पोचत नाही आणि जीवाणू कागदासाठी वापरायच्या ॲलममधल्या (ॲल्युमिनियम सल्फेट) सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात. हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो. गाळात अडकून राहतो आणि पाईपचं पाणी मारून ढवळलं की सुटतो.

शटडाउनमध्ये चेस्टपाशी उभ्या असलेल्या एका वयस्क कामगाराला मी विचारलं, ‘‘काका, कधी उतरायचं ते कसं ठरवता?’’ ते म्हणाले, ‘‘सडक्या अंड्यासारखा वास येतो मॅडम. वास गेला की उतरतो.’’ हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण १०० भाग (१०० पीपीएम) झाले की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि त्याच्या कितीतरी पट वर गेलं की माणूस जागच्या जागी कोसळतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं होत नाही. कधीकधी नेमकं उलटं असतं.

म्हणजे पाण्याची जी बचत आम्ही अहवालात मिरवत होतो, तिची जोखीम ही माणसं उचलत होती. पर्यावरणाची फाइल एका विभागात, कामगारांची दुसऱ्या. ही गाठ दोन्हीकडे दिसली नाही.

पुढचं काम ऑडिटच्या चेकलिस्टपेक्षा मोठं होतं. परमिटशिवाय चेस्टमध्ये उतरणं बंद. आधी ब्लोअर, मग मीटरने ऑक्सिजन आणि वायू मोजणं, अंगात हार्नेस, बाहेर सतत एक माणूस. आणि आतला पडला तर त्याने मागोमाग उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचं. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच अनेकदा जातात. मशीन जास्त वेळ बंद राहणार असेल तर चेस्टमध्ये लगदा तसाच ठेवायचा नाही, हे प्रॉडक्शनकडून लिहून घेतलं. सल्फेट कमी व्हावं म्हणून ॲलमचा काही भाग काढून पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड आणलं. थोडं ताजं पाणीही वाढवलं. दरमहाच्या आलेखात पाण्याची रेघ वर गेली, तेव्हा मीटिंगमध्ये भुवया उंचावल्या. मी मागे हटले नाही. टनामागे पाणी किती, हा एकटा आकडा मला आता पुरेसा वाटत नाही.

रद्दी निवडणाऱ्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना गाठीमागे पैसे मिळायचे. हातमोजे घातले की हात मंदावतो, म्हणून मोजे खिशात आणि पिना बोटांत. मोज्यांवर भाषणं देऊन झाली होती. फरक पडला तो पाळीवर मजुरी द्यायला लागल्यावर.

वाफेचं काम त्यामानाने बिनभांडणाचं. ओला कागद पिळणाऱ्या प्रेसमधून निघणाऱ्या कागदाचा कोरडेपणा एक टक्क्याने वाढला, तर ड्रायरची वाफ साधारण चार टक्के वाचते. प्रेसमधलं पाणी शोषणारं कापड, म्हणजे फेल्ट, वेळेवर बदलायला कोणाचीच हरकत नसते, पैसे वाचतात.

प्रमाणपत्र मिळालं. काही मायनर त्रुटी निघाल्या, त्यांना वर्षभराची मुदत असते. मेजर असती तर तीन महिने. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पण ऑडिट दरवर्षी. आमचा कंत्राटदार मात्र त्याआधीच बदलतो आणि शिकवलेली माणसं त्याच्याबरोबर जातात. म्हणून चेस्टच्या प्रशिक्षणाची चिठ्ठी आता गेटपासला जोडली आहे. चिठ्ठी नाही तर आत प्रवेश नाही, आणि त्या दिवसाची मजुरी कंत्राटाच्या दरातच धरलेली. परचेसला ही अट अजून रुचलेली नाही.