घे की

बुधवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही. उद्या पाण्याचा दिवस, चारला उठायचंय, तरी डोळा लागत नाही. कारण सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

जेवताना मी म्हटलं, "ते हवा भरायचं कयाक, ती वल्ह्याची छोटी होडी, घ्यावं म्हणते." ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणीवर दही घातलं आणि म्हणाले, "घे की."

बस्स. पुढे बातम्या.

तीन आठवडे मी उत्तरं जमवत होते. पैसे किती? पंधरा हजारांच्या आत, तेही भिशीचे. ठेवणार कुठे? हवा काढून गुंडाळलं की मोठ्या बॅगेएवढं होतं, माळ्यावर गाद्यांशेजारी बसेल. या वयात झेपेल का? नेणार कशावर? बुडालीस तर? यातलं एकही कुणी विचारलं नाही. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "भारी गं आई," आणि लगेच तिचं ते खोलीच्या भाड्याचं सुरू झालं. तेही बरोबरच आहे, तिचं आधी.

पण "घे की" म्हणजे काय? घे म्हणजे घे, इतकं सरळ असतं तर आत असं टोचलं नसतं. आपल्याकडे "की" लावून माणूस किती मोकळा होतो. ये की, बस की, खा की. त्यात माया असते. आजच्या "की"त ती होती का, हे मी तेव्हापासून आठवून आठवून बघतेय. आवाज चिडका नव्हता, थट्टेचाही नव्हता. दूधवाल्याला "ठेव की तिथं" म्हणतात, तसा होता.

त्यांनी विरोध केला असता तर मी भांडले असते, रडले असते आणि बहुतेक घेतलंही असतं. आता कुणी अडवतच नाही म्हटल्यावर पाऊल उचलत नाही.

हे सगळं सुरू झालं ते गाडीच्या खिडकीतून. धाकटीला पुण्याला सोडून येत होते. भिगवण सुटल्यावर उजनी धरणाचं पाणी रुळाच्या जवळ येतं, तिथे एक जण थर्माकोलच्या तराफ्यावर गुडघे टेकून जाळं ओढत होता. एकटाच. सगळीकडे पाणी, मधे तो, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. गाडी पुढे गेली, डब्यातल्या बायकांच्या गप्पा चालूच होत्या, आणि मला एकदम आजोळची विहीर आठवली. पाठीला डबा बांधून मामानं ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, मग डब्यानं वर उचललं. ते वर उचललं जाणं... असो.

तेव्हापासून रात्री फोनवर कयाकच बघत बसते. एवढं वाचलंय की आता मला कुणी काही विचारावं असं वाटतं. मी बघितलेलं दोघांचं आहे. लांबी ३१२ सेंटिमीटर, १८० किलो वजन पेलतं. बाजूच्या दोन नळ्या वेगळ्या आणि तळ वेगळा, म्हणजे एकीला भोक पडलं तरी बाकीची हवा राहते. मागे खाली एक छोटं पातं लावायचं असतं. ते नसलं तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला तोंड दुसरीकडे फिरतं. आणि हवा टम्म भरायची नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही. सकाळी गारव्यात गच्च भरलं आणि दुपारी बेचाळीसच्या उन्हात काठावर ठेवलं, तर आतली हवा फुगते आणि शिवण ताणली जाते. पाण्यात उतरलं की तीच हवा गार होऊन नळ्या मऊ पडतात, म्हणून पंप बरोबर न्यायचा. परत आल्यावर पुसून, पूर्ण वाळवूनच घडी घालायची, नाहीतर बुरशी धरते. धुवायला पाणी कुठलं, पाच दिवसांनी येतं, पण एक बादली आणि ओलं फडकं पुरेल. ह्याचाही मी विचार केला होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

महागातल्या कयाकांचा तळ वेगळा असतो. त्याबद्दल वाचलं तेव्हा मी उठूनच बसले. वर एक कापड, खाली एक कापड, आणि दोघांना जोडणारे मधे हजारो उभे धागे. हवा भरली की कापडं फुगून गोल व्हायला बघतात, पण धागे त्यांना सोडत नाहीत, म्हणून तळ फळीसारखा सपाट आणि कडक होतो. गाडीच्या चाकात तीसेक पीएसआय हवा असते, ह्यात आठ-दहा, तेवढ्यावर माणूस उभा राहतो. आणि हे कापड विणतात मागावर! मखमल विणतात त्याच तऱ्हेनं. दोन कापडं एकावर एक, मधून धागे. मखमलीत ते मधून कापतात, इथे कापत नाहीत, एवढाच फरक. अण्णांना हे दाखवायला हवं होतं. त्यांनी अंगठा आणि बोटाच्या मधे ते कापड धरून चोळलं असतं, कडेचा एक धागा नखानं उकलला असता, डोळ्याजवळ नेला असता आणि बराच वेळ काहीच बोलले नसते. मग म्हणाले असते, "ताण बरोबर ठेवलाय." चादरीची घडी हातात घेतली की पहिल्यांदा ते तेच बघायचे. मागावरच्या रात्रपाळीहून आले की त्यांच्या भुवयांवर सुताचा कापूस बसलेला असायचा, पांढरा, मी फुंकर मारून उडवायची. आडव्या धाग्यांचा बाणा कितीही रंगीत घाला, उभ्या धाग्यांच्या ताण्यावर सगळं उभं असतं, हे त्यांचं नेहमीचं.

विणलेल्या तळाचं मला परवडणारं नाही. माझं साधंच, तळाला फुगणारे उभे कप्पे. पण ती रात्र फार चांगली गेली.

बरं, न्यायचं कुठे? आपल्या सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव देवळाचा, त्याचा विचारही मनात आणायचा नाही. कंबर तलावाच्या काठाला मी लहानपणापासून फक्त फिरायला गेलेय. हिप्परग्याचा एकरुख तलाव जवळ, तुळजापूर रोडला, १८७१ चा. हिवाळ्यात तिथे पक्षी येतात, त्यांना उठवायचं नाही आणि पाटबंधारेवाल्यांना आधी विचारायचं, हे मी वहीत लिहून ठेवलंय. मन मात्र उजनीवर आहे. टेंभुर्णीपर्यंत दीड तास. आपण पितो ते पाणी तिथून शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं. एकदा तरी ते पसरलेलं असताना त्याच्यावर बसावं, असं वाटतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा वापरायचा साठा संपून पाणी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं होतं, लोक चिखलातून चालत बघायला जात होते. मी नाही गेले. मला ते पाण्याखालीच असलेलं बरं वाटतं.

त्याच वर्षी मे महिन्यात उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. ती बातमी मी विसरलेले नाही. वळवाचा वारा सांगून येत नाही, आणि हवेचं कयाक इतकं हलकं की वाऱ्यापुढे ते पानासारखं. म्हणून पहाटे उतरायचं, काठाकाठानं जायचं, नऊच्या आत बाहेर. चैत्र-वैशाखात नाहीच. लाइफ जॅकेट अंगात, कयाकमध्ये ठेवलेलं नव्हे. काठाला वेडी बाभूळ असते, तिचा काटा चपलेतून पायात शिरतो, मग ह्या रबराचं काय? उचलून न्यायचं, ओढायचं नाही. आणि एकटीनं मुळीच जायचं नाही.

एकटीनं जायचं नाही. हेच. सगळं लिहून पुन्हा इथेच आले. मी दोघांचं का बघितलं? एकाचं स्वस्त आहे, हलकंही आहे. मी एकदाही त्याच्यावर बोट ठेवलं नाही. आणि ते म्हणाले, "घे की." घेऊ की असं नाही म्हणाले. एका अक्षराचा फरक आहे, आणि त्या अक्षरावर मी रात्र काढतेय. एकतीस वर्षं झाली. मला काय हवं, हे विचारायचं ह्यांनी नेमकं कधी सोडलं? की कधी धरलंच नव्हतं? आईकडे होते तेव्हा निदान...

नको. ते आज नको.

खरं तर झोप न यायचं कारण संध्याकाळचं आहे, जेवणाच्या आधीचं. ते लिहायचं टाळत होते.

माळ्यावर जागा मापायला स्टुलावर चढले होते. गाद्यांच्या मागे एक खोकं निघालं. आत बूट, कोरे. तळव्याला मातीचा कण नाही, एका बुटात कागदाचा बोळा अजून तसाच. पावतीवर गेल्या जूनची तारीख. मी स्टुलावर उभी राहिले, बूट हातात धरून, आणि हळूहळू आठवलं.

गेल्या आषाढात ते म्हणाले होते, "यंदा अकलूजपासून तरी पालखीबरोबर पायी जावं म्हणतो." मी पोळ्या लाटत होते. गॅसवर तवा तापला होता. मान वर न करता म्हटलं, "जा की."

ते गेले नाहीत. का, हे मी विचारलं नाही. बूट घेतलेत हे मला माहीतही नव्हतं. म्हणजे ते दुकानात गेले, पायात घालून बघितले, दोन पावलं चालले असतील, पैसे दिले, घरी आणले, आणि कधीतरी कुणी नसताना स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिले.

खोकं मी होतं तसं ठेवलं. खाली उतरून भाकरी टाकल्या. आणि मग जेवताना ते "घे की" आलं.

त्यांना माझं "जा की" आठवत असेल का? मला नाही वाटत. त्यांनी उलट म्हणून म्हटलं नसणार, तसा स्वभाव नाही. दोघांनाही ते तोंडात बसलंय, इतकंच. मी त्यांना जा म्हटलं तेव्हा मला ते जायलाच हवे होते, हेही खरं आहे. फक्त तवा तापला होता.

आता जरा बरं वाटतंय. टोचतंय अजून, पण मघासारखं नाही.

गुरुवार, सकाळी

पाणी सव्वाचारला आलं, धार बारीक. ते उठून आले, नळाला पाइप लावला, मी पिंपाजवळ. अंधारात मी विचारलं, "अहो, तुमचं वजन किती?"

"का?"

मी पिंपात बघत म्हटलं, "ते १८० किलो पेलतं. माझं अडुसष्ट."

त्यांनी पाइप थोडा वर धरला, पाणी सांडू नये म्हणून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौऱ्याऐंशी. दिवाळीला केलं होतं." आणि थोड्या वेळानं, "मला पोहायला येत नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये. जॅकेट दोन घ्यावी लागतील."

"आणि पंप? हाताचा असतो की पायाचा?"

मी सांगितलं. पायाचाही मिळतो, हाताचाही मिळतो. नळ्यांना किती हवा, तळाला किती, आधी कुठली नळी भरायची, सगळं सांगितलं. पिंप भरून वाहायला लागलं तेव्हा त्यांनी पाइप बादलीत टाकला आणि म्हणाले, "हिप्परग्याला आधी नुसतं बघून येऊ. रविवारी."

अजून मागवलेलं नाही. बुटांचंही विचारलेलं नाही. आज संध्याकाळी ते खोकं खाली काढणार आहे.