रीफ टँकची नोंद: कॅल्शियम क्लोराइड निवडणं, तेही पावसाळ्याच्या तोंडावर

जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, घोडबंदर रोड, ठाणे. सम्प (टँकखालची पाण्याची टाकी) धरून आणि दगडांची जागा वगळून निव्वळ पाणी 180 लिटर. खारटपणा 35 (हजारी), कॅल्शियम 380 आणि मॅग्नेशियम 1300 पीपीएम, केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) 8.6. मागच्या काचेवर कोरलाइन (कॅल्शियम खाणारं कडक शेवाळ) झपाट्याने चढतंय आणि नुसतं पाणी बदलून कॅल्शियम टिकत नाहीये. म्हणजे डोसिंगला, रोज मोजून भर घालायला, सुरुवात.

कॅल्शियम कमी दिसलं की आधी खारटपणा बघायचा. तो 32 असेल तर कॅल्शियम आपोआप 380 च्या आसपास येतं, तिथे कमतरता मिठाची असते. मॅग्नेशियमचंही तसंच. ते 1100 ला घसरलेलं असताना कॅल्शियम आणि केएच वाढवणारा सोडा ओतत राहिलात, तर दोन्ही कोरलपर्यंत न पोचता हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर पांढरा थर होऊन बसतात. इथे दोन्ही आकडे जागेवर आहेत.

आता माल कोणता. मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या गोळ्या नकोत. त्यात बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट असतं, टँकच्या 8.2 पीएचला ते विरघळत नाही आणि वर व्हिटॅमिन, रंग, बाइंडर पाण्यात जातात. शिंपल्याच्या पुडीचंही तेच. ग्लुकोनेट विरघळतं, पण ते बॅक्टेरियाचं खाद्य आहे. डोस जास्त झाला की पाणी दुधाळ होतं आणि रात्री ऑक्सिजन घसरतो. खतवाल्याकडचं कॅल्शियम नायट्रेट म्हणजे सरळ नायट्रेटची भर. किनाऱ्यावरून उचललेले कोरलचे तुकडे तर नकोतच. विरघळत नाहीत ते एक, आणि रीफ बांधणारे कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहेत.

उरतं कॅल्शियम क्लोराइड. पाकिटावर 'आयपी' (औषधी दर्जा) किंवा 'फूड ग्रेड, आयएनएस 509' छापलेलं हवं. केमिकलवाल्यांकडे सुटं मिळतं ते इंडस्ट्रियल ग्रेड स्वस्त असतं, पण त्यात जड धातू आणि अमोनियाचा अंश असू शकतो. कपाटातला ओलावा शोषणाऱ्या डब्यांतही बऱ्याचदा हेच मीठ असतं, म्हणून ते टँकमध्ये चालतं असं नाही. नवीन पाकीट आलं की थोडं आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्यात विरघळवून अमोनिया किट लावा. थोडा गढूळपणा आला आणि तासाभरात खाली बसला तर हरकत नाही. तेलकट तवंग किंवा वास असेल तर पाकीट परत.

पुढचा शब्द वाचायचा तो डायहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) की अनहायड्रस (कोरडं). पहिल्यात वजनाच्या 27 टक्के कॅल्शियम, दुसऱ्यात 36. डायहायड्रेट समजून अनहायड्रस घातलं की डोस तिसऱ्या हिश्शाने जास्त होतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आणि आपल्याकडे त्यात पावसाळा. जूनच्या हवेत वजनकाट्यावर ठेवलेले फ्लेक्स थोड्याच वेळात चकाकू लागतात, मग कडेने पाणी सुटतं आणि वाटीच्या तळाला चिकटतात. उघड्या पाकिटातलं 100 ग्रॅम म्हणजे मग किती मीठ आणि किती पाणी, सांगता येत नाही. म्हणून पाकीट फोडलं त्याच दिवशी सगळ्याचं द्रावण करा. बंद बाटलीत ते महिनोन् महिने टिकतं.

द्रावण असं: डायहायड्रेट 73.5 ग्रॅम (अनहायड्रस असेल तर 55.5), आरओ-डीआय पाणी घालून एकूण 1 लिटर. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी नाही. अनहायड्रस विरघळताना भांडं चांगलंच तापतं, चश्मा आणि हातमोजे घाला. दुसऱ्या बाटलीत खाण्याचा सोडा 84 ग्रॅम, एकूण 1 लिटर. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात स्टार्च आणि बहुधा फॉस्फेट असतं. या मापाने 1 मिलि म्हणजे 20 मिग्रॅ कॅल्शियम, आणि दोन्ही बाटल्या समान मिलि घातल्या की कोरल जितकं खातात त्याच प्रमाणात भर पडते: 20 पीपीएम कॅल्शियमला 2.8 केएच.

जुन्या पाकिटाबद्दल शंका असेल तर कॅल्शियमचं द्रावण 20 मिलि घेऊन पाण्याने 1 लिटर करा. किटवर 400 च्या जवळपास यायला हवं.

तीन दिवस काहीच न घालता रोज एकाच वेळी केएच मोजला: 8.6 वरून 7.7. रोज 0.3. त्याला लागणारं कॅल्शियम रोज जेमतेम 2 पीपीएम, ते किटवर दिसतही नाही. खप मोजायचा तो केएचवरूनच. 180 लिटरला हिशेब 19 मिलि सोडा आणि 19 मिलि कॅल्शियम.

380 वरून 420 साठी 7.2 ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे 360 मिलि. एकदम नाही. रोज 90 मिलि, चार दिवस, सम्पमध्ये रिटर्न पंपाच्या (पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या) ओढीत, थेंबाथेंबाने. सोडा सकाळी, कॅल्शियम रात्री. दोन्ही एका जागी पडले तर पाण्यात दुधाची तार दिसते. ती लगेच विरली तर ठीक, पसरत गेली तर थांबा.

चुन्याचं पाणी, म्हणजे कलकवासर, चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ते बाष्पीभवनाच्या भरपाईतून जातं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं. डोस नकळत घटतो, केएच उतरतो. पानाचा चुना मात्र त्यासाठी वापरू नका. रसायन तेच असलं तरी शुद्धतेची खात्री नाही.

पाचव्या दिवशी कॅल्शियम 415, केएच 7.7. किटचा गुलाबी रंग शेवटच्या थेंबाला पूर्ण निळा झाला तेव्हाच वाचलं, जांभळ्यावर थांबलं की आकडा कमी येतो. आता रोज 19-19 मिलि, आणि पुढचे दोन आठवडे फक्त केएच मोजायचा.