मत्स्यटाकीचा दिवा निवडताना

इंदूरच्या आमच्या घरी दोन फुटी, सुमारे ५५ लिटरची मत्स्यटाकी आहे. पहिला एलईडी दिवा मी केवळ वॅटचा आकडा पाहून घेतला आणि पंधरवड्यातच काचेवर शेवाळाचा असा हिरवा थर चढला, की आतले गप्पी मासे दिसेनासे झाले. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो तेवढेच. प्रकाश किती पडतो हे ल्युमेन सांगतात. अनुबियास, जावा फर्न यांसारख्या संथ वाढणाऱ्या वनस्पतींना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन पुरतात, आणि ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासच्या पांढऱ्या प्रकाशात त्यांचा हिरवा रंग फार सुरेख खुलतो. टायमर मात्र हवाच. आमच्याकडे दिवा दुपारी ३ वाजता लागतो आणि रात्री १० वाजता विझतो.