तुम्ही विचारलंत म्हणून: मासे छापायच्या आधीच पैसे का मागते?

"चित्रं झाली की विक ना. अजून काहीच झालेलं नाही, आणि पैसे आधी कशाला?"

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला सख्ख्या मावशीने विचारला, कॉलेजातल्या मित्रांनी विचारला, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनीही विचारला. त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून नाव नोंदवलं. म्हणून वाटलं, उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं.

आधी काम काय ते सांगते. मालवणच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या बारा माशांची लिनोकट छापचित्रं मी करणार आहे. बांगडा, तारली, सरंगा, इसवण, बोंबील, मोरी, लेप असे बारा. प्रत्येकाच्या तीस प्रती. बारा चित्रांच्या एका संचाला बारा हजार रुपये, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी. अठ्ठावीस संच विकायचे, एक संच गावातल्या शाळेला आणि एक मच्छीमार सोसायटीला द्यायचा.

लिनो म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि खाली तागाचं कापड. उन्हात दहा मिनिटं ठेवलं की मऊ पडतं आणि पात्याखाली लोण्यासारखं कापलं जातं. कापलं तिथे शाई लागत नाही, कागद पांढरा राहतो. जे राहिलं ते छापलं जातं, तेही उलटं. काठी घेऊन चालणारे गांधीजी, काळ्यावर पांढऱ्या रेघांचे, तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेच असतील. नंदलाल बोस यांचं ते 1930 मधलं चित्र लिनोकटच आहे.

त्या चित्रात शाई एकच आहे, काळी. मला मात्र बांगड्याच्या पाठीचा हिरवट निळा हवा आहे. जाळ्यातून काढल्यावर पहिल्या तासाभरात दिसतो आणि टोपलीत मरून जातो, तो. त्यासाठी मी एकाच ठशातून सगळे रंग काढते. आधी पोटाचा जो भाग कागदासारखा पांढरा राहायचा, तेवढाच कोरायचा आणि सगळ्या प्रतींवर फिकट रुपेरी छापायचा. मग त्याच ठशावर जिथे रुपेरी राहायला हवा तिथे आणखी कोरायचं आणि वरून हिरवट निळा द्यायचा. पुन्हा कोरायचं, गडद निळा. शेवटी काळा. प्रत्येक रंगाबरोबर ठसा कमी कमी होत जातो. काळा रंग छापून झाला की लिनोवर पाठीवरच्या डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या रेघा, ठिपक्यांची एक ओळ आणि डोळा, एवढंच शिल्लक राहतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दुसरा रंग कोरायला घेतला की पहिला रंग पुन्हा कधीच छापता येत नाही. तीस प्रती करायच्या असतील तर पहिल्या दिवशी तीस कागद हातात हवेत. खरं तर चाळीस, कारण दहा तरी वाया जातात. कागद एका मिलिमीटरने सरकला तरी माशाला दोन डोळे येतात. "पाच छाप, खपले तर आणखी छाप" हे लाकडाच्या किंवा धातूच्या एकरंगी ठशाला चालतं. या पद्धतीला चालत नाही.

मी तसं करून बघितलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी पहिला बांगडा केला तेव्हा माझ्याकडे चांगल्या कागदाचे सोळाच ताव घ्यायला पैसे होते. बारा प्रती नीट उतरल्या. त्या दीड महिन्यात गेल्या. मग एका रिसॉर्टवाल्यांचा फोन आला, खोल्यांमध्ये लावायला पंचवीस हव्यात म्हणाले. पंचवीस प्रतींच्या पैशात माझं वर्षभराचं सामान आलं असतं. ठसा माझ्यासमोर टेबलावर होता, नुसत्या रेघा आणि डोळा उरलेला. त्यांना नाही म्हणाले. "फोटो काढून डिजिटल प्रिंट मारून द्या," असंही ते म्हणाले. ज्या बारा जणांनी "5/12", "9/12" (बारा प्रतींतली पाचवी, नववी) असं पेन्सिलीने लिहिलेलं चित्र विकत घेतलं, त्यांना मी शब्द दिलेला होता. बारा म्हणजे बारा.

इसवणाचंही सांगते. तुम्ही मुंबईत जिला सुरमई म्हणता ती आमची इसवण. तिचा हातभर लांब, एकरंगी ठसा मी नऊ दिवस कोरत होते. कोरून झाल्यावर चाचणीचा एक छाप घेऊन मासळीबाजारात काकींना दाखवायला गेले. लहानपणापासून आमच्या घरी मासे त्यांच्याकडूनच येतात. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कागद लांब धरला, आणि म्हणाल्या, "चेडवा, इसवणाची ही रेग शेपटेकडे खाली मोडता. तुझी सरळ गेली ती कशी?" टोपलीतली इसवण त्यांनी माझ्यासमोर आडवी धरली. कल्ल्यापासून निघालेली बारीक रेघ पाठीजवळून सरळ येते आणि दुसऱ्या पराच्या मागे एकदम खाली उतरते. तिच्या ठिपकेवाल्या बहिणीची रेघ अशी मोडत नाही. इतकी वर्षं मी इसवण खाल्ली, नऊ दिवस तिचं चित्र कोरलं, आणि ही रेघ मला दिसली नव्हती. लिनोमधली चुकलेली रेघ बुजवता येत नाही. तो ठसा गेला, नवा कापला.

हे नऊ दिवस कोणत्या खात्यात धरायचे? तयार चित्राच्या किमतीत ते कुणाला दिसत नाहीत. पण आधी जमवलेल्या पैशांत चुकायला जागा असते, आणि चुकायला जागा असली की मासा बरोबर येतो.

आता हिशेब. कागदाचे 480 ताव, 43,200 रुपये. लिनो 10,200, शाई आणि बाकी सामान 38,000. मासे 9,000, कारण मला पूर्ण वाढलेले आणि न दुखावलेले हवेत, परही न तुटलेले. मदतनीस मुलीची साठ दिवसांची मजुरी 42,000. सपाट पॅकिंग आणि टपाल 36,000. माझी दहा महिन्यांची मजुरी 1,50,000. बेरीज 3,28,400. अठ्ठावीस संचांचे 3,36,000 येतात. माझी मजुरी या हिशेबात धरू नये असं दोघातिघांनी सुचवलं, "तुला आवडतं म्हणून तर करतेस" म्हणून. धरली आहे, आणि धरणार. 480 तावांवर चार चार रंग म्हणजे एकोणीसशे वीस वेळा कागद ठेवायचा, लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचा आणि उचलायचा. माझा उजवा खांदा ते सगळे मोजतो.

अनुदानाचं विचारलंत, तर एकदा मिळालं होतं. आधी खर्च करा, बिलं जोडा, मग पैसे, अशी अट होती. पैसे चौदा महिन्यांनी आले. तोवर कर्जाचं व्याज मी भरत होते. त्या चौदा महिन्यांत एकही नवा ठसा कापला नाही.

आधी नाव नोंदवून चित्रं घेणं ही माझी शक्कल नाही. जॉन जेम्स ऑडुबॉन यांची अमेरिकेतल्या पक्ष्यांची 435 चित्रं 1827 ते 1838 या काळात वर्गणीदारांच्या पैशांवरच छापली गेली. आणि मराठी वाचकाला तर हे सांगायलाच नको. जाडजूड ग्रंथांची प्रकाशनपूर्व नोंदणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. माझ्या आजोबांच्या कपाटात अशा नोंदणीच्या पावत्या पुस्तकांतच ठेवलेल्या आहेत. काकींना समजावायला मात्र एवढंही लागलं नाही. होडी पाण्यात ढकलायच्या आधी डिझेल आणि बर्फ भरावा लागतो, मासे नंतर. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुझो बर्फ," आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

मासेच का, हा दुसरा प्रश्न. 2023 मध्ये सरंग्याला, म्हणजे पापलेटाला, महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं. मान मिळाला, पण बाजारात तळहातापेक्षा लहान सरंग्यांचे वाटे अजून लागतात. एकदाही अंडी न घातलेली पोरं ती. राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडायचा किमान आकारही ठरवून दिला आहे. नियम कागदावर वाचून डोळ्यासमोर काही येत नाही. म्हणून सरंगा मी खऱ्या मापाचा छापणार आहे, पुरा वाढलेला, ताटाएवढा. शाळेच्या भिंतीवर तो लागला की पोरं आपला हात त्याच्यावर ठेवून बघतील. बाजारातला त्याच्या किती पट लहान आहे ते त्यांना कुणी सांगायला नको.

आणि नावंही. पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर चारपाच मासे उरले आहेत. माझी आजी वीसबावीस नावं एका दमात घ्यायची, त्यात कुठला मासा आमटीत, कुठला तळून आणि कुठला बाळंतिणीला हेही असायचं. प्रत्येक चित्राखाली मी मालवणी नावच लिहिणार आहे.

आज सतरा नावं झाली आहेत. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. ते दोन महिने मी प्रत्येक ठशाचं पहिलं, पांढऱ्या भागाचं कोरकाम करते. छापत नाही, कारण त्या हवेत शाई वाळत नाही आणि कागदाला बुरशी धरते. म्हणजे मासे सगळे मेअखेरपर्यंत बघून, रेखाटून व्हायला हवेत. लेप आणि मोरी अजून राहिले आहेत. कागदाची ऑर्डर 20 मेला पुण्याला जाईल. अठ्ठावीस नावं झाली नाहीत तर बाराऐवजी आठच मासे करीन, त्या मानाने पैसे परत करीन, आणि आठांचा संच ज्यांना नको असेल त्यांचे सगळेच परत. झाली तर बारा.

तुमचं नाव 20 मेच्या आधी आलं तर तुमच्या वाट्याचा ताव त्या गठ्ठ्यात असेल. नंतर आलं तर मला तो आणता येणार नाही, कितीही वाटलं तरी.