आमची वाटचाल: निळ्या चौकोनातला अर्धा मैल

आमच्या दुकानात शिरलं की आधी सायकली नाही, नकाशा दिसतो. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआब गावाच्या आसपासची जमीन कोणाच्या मालकीची आहे, हे रंगांनी दाखवणारा. आम्ही इथे लोकांना सायकल सहलींवर नेतो, म्हणून तो लागतो. पिवळी जमीन बीएलएमची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची. हिरवी वनखात्याची, जांभळी राष्ट्रीय उद्यानांची, पांढरी खाजगी. आणि पिवळ्यात विखुरलेले निळे चौकोन राज्याच्या ट्रस्टचे. 1896 साली युटा राज्य झालं तेव्हा प्रत्येक टाउनशिपच्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या मोठ्या चौकोनाच्या, 36 लहान चौकोनांपैकी 2, 16, 32 आणि 36 नंबरचे चौकोन शाळांच्या खर्चासाठी राज्याला मिळाले. एकेक चौकोन मैलभर लांब, मैलभर रुंद. त्यातल्याच एका 16 नंबरने आमचा धंदा बुडवायची वेळ आणली होती.

सुरुवात दोघांनी केली. माझा भागीदार जमीनमोजणीतला, मी सायकल मेकॅनिक. पहिले दोन हिवाळे आम्ही ट्रेल शोधण्यात घालवले. इथे नवी वाट पाडायची नसते, जुनी ओळखायची असते. 1950 च्या दशकात युरेनियमच्या शोधात लोकांनी खडकांमधून रस्ते काढले, कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिमचा रस्ता त्यातलाच. मोआबजवळची स्लिकरॉक ट्रेल 1969 मध्ये आखली गेली ती मोटरसायकलींसाठी. आम्हीही तसेच विसरलेले जीपरस्ते धुंडाळायचो. उपग्रहाच्या चित्रात रेघ दिसली की आधी पायी जायचं. सायकल गाडीतच. माझा भागीदार पुढे, हातात जीपीएस, खिशात पेन्सिल. काळी, फुगीर, खरबरीत माती दिसली की तो हात आडवा करायचा. ती जिवंत माती असते, सूक्ष्म जीवांनी धरून ठेवलेली. तिच्यावर एक चाक फिरलं तर भरून यायला दशकं लागतात. म्हणून सांगतो, वाटेबाहेर पाय टाकावाच लागला तर खडकावर किंवा ओढ्याच्या वाळूतच टाका. गट मोठा असेल तर एकामागोमाग एकच चालवा, डबकं आलं तरी त्यातूनच जा, बाजूने वळसा घालू नका. आणि ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. कोरड्या हवेत ते भराभर सुकतं आणि सराट्याचा पहिला काटा लागल्यावर मग कळतं.

परवान्याचं लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. पिवळ्या जमिनीवर पैसे घेऊन माणसं न्यायची तर बीएलएमचा विशेष परवाना लागतो. अर्ज 180 दिवस आधी द्यावा लागतो, विमा लागतो आणि एकूण उत्पन्नाच्या 3 टक्के सरकारला भरावे लागतात. जंगलराखीव क्षेत्रात, ज्याला इथे वाइल्डरनेस म्हणतात, सायकल मुळीच चालत नाही. व्हाइट रिमवर स्वतःच्या सायकलने एका दिवसात जायचं तरी उद्यानाचा परवाना काढावा लागतो, आणि तो शंभर मैलांचा फेरा आहे, वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. पैसे घेऊन तिथे न्यायचं तर उद्यानाशी करार हवा. तो आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही कधी नेलं नाही.

पाचव्या वर्षी आमची एक सहल सगळ्यात जास्त चालत होती. सकाळी लवकर निघायचं, जुनिपरच्या झाडांमधून कड्यापर्यंत आणि परत. निम्मी कमाई तिच्यावर होती. फेब्रुवारीत हंगामाआधी आम्ही दोघं ती चालून बघायला गेलो. एका झुडपाशी माझा भागीदार गुडघ्यावर बसला आणि हाताने वाळू झटकली. खाली लोखंडी नळीवर बसवलेली पितळी टोपी निघाली, जुन्या मोजणीची. तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा आणि चार कप्प्यांत चार आकडे ठोकलेले: 9, 10, 15, 16. चार चौकोनांचा कोपरा. आणि आमची वाट टोपीच्या दक्षिणेला होती. म्हणजे 9 मध्ये नाही, 16 मध्ये. निळ्यात.

चूक माझी होती. जागेचे आकडे कुठून मोजायचे ते मोजणीपाया ठरवतो. जुना टोपो, म्हणजे चढउतार दाखवणारा, नकाशा 1927 च्या मोजणीपायावर काढलेला, जीपीएस नव्या पायावर. त्या दोन पायांत ग्रिडवर जवळपास 200 मीटरचा फरक पडतो. मी आकडे न बदलताच नकाशावर टाकले आणि वाट 200 मीटर उत्तरेला, पिवळ्यात जाऊन बसली. अर्धा मैल आम्ही राज्याच्या जमिनीवरून परवानगीशिवाय माणसं नेत होतो. जीपीएस घ्याल तेव्हा त्यात कोणता पाया लावला आहे ते आधी बघा. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

त्याच संध्याकाळी आम्ही ती सहल बंद केली. ट्रस्टकडे परवानगीचा अर्ज टाकला आणि मार्च ते मेपर्यंतची सगळी नावनोंदणी परत केली. पैसे परत करताना बँकेत काही उरलं नाही. दोन गाइड सोडून गेले. त्यातला एक जो आमच्याकडे ट्रेल शिकला, त्याने एप्रिलमध्ये तीच वाट, तीच वेळ, अर्ध्या दरात सुरू केली. "मित्रांची सहल, खर्च वाटून घेतो" असं तो सांगायचा. परवाना नाही, विमा नाही, 3 टक्के नाहीत. आमचे ग्राहक त्याच्या गाडीतून दुकानासमोरून जायचे. मी गावातल्या प्रत्येकाला सांगितलं, पण सगळे म्हणाले, अर्ध्या मैलासाठी एवढं कशाला. ते वाक्य मला अजून बोचतं. तो अर्धा मैल आमचा नव्हता, एवढंच कारण पुरेसं होतं.

त्या महिन्यांत एकच माणूस टिकला. ॲरिझोनातले एक निवृत्त शिक्षक, दर वसंतात येणारे. त्यांना पाठवलेला परताव्याचा चेक त्यांनी वटवला नाही. पाकिटात घालून परत पाठवला, मागे लिहिलेलं होतं, "पुढच्या वर्षी चालेल." मी तो माझ्या भागीदाराला दाखवला. तो काही बोलला नाही, नकाशापाशी गेला आणि निळ्या चौकोनात पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

ऑक्टोबरमध्ये परवानगी आली. त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. माझा भागीदार गुडघ्यांमुळे आता ट्रेलवर येत नाही, पण नव्या गाइडला पहिल्या दिवशी तोच त्या टोपीपाशी नेऊन बसवतो, गाडी जाते तिथवर गाडीने आणि उरलेलं हळूहळू चालत. आकडे बोटाने वाचायला लावतो. शिक्षक मागच्या एप्रिलमध्येही आले होते. त्यांच्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा, वाकला होता, मी सरळ करून दिला.