सडा, माय आणि उचल

दर रविवारी एक भाग याप्रमाणे माझी कथामालिका मोबाइलवर येऊ लागली, तेव्हा तिच्यातली रात्री बोलणारी विहीर वाचकांना पटेल की नाही, याचीच मला धास्ती होती. विहिरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तक्रार आली ती सड्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात राहणारी माझी नायिका पहाटे उठून अंगणात सडा घालते, असे मी पहिल्याच भागात लिहून गेलो होतो. आणि ज्या शहरात त्या महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू होती, तिथे ही बाई पाणी मातीत ओततेच कशी, असे तिथल्याच एका वाचकाने विचारले. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासाला जात असे. मी मुकाट्याने सडा काढून टाकला. विहीर बोलत राहिली. ती कोरडी आहे, एवढे नशिबाने मी आधीच लिहिले होते.

संवादांचे दुखणे याहून नाजूक. नायिकेची माय लेकीला ‘काय करते आहेस?’ असे विचारते, हे वाचून उदगीरच्या एका बाईंनी ‘ही माय पुण्याची का?’ असा टोला हाणला. मी ‘काय करायलीस?’ केले, तर त्यांना ‘करूलालीस’ हवे होते. माय बीड जिल्ह्यातल्या धारूरची, म्हणून मी ‘करायलीस’वरच थांबलो. हरिभाऊ आपटे १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः लिहीत, तेव्हा रागावलेल्या वाचकाला निदान पत्र टपालात पडेपर्यंत तरी धीर धरावा लागे.

खरा गदारोळ मात्र सातव्या भागाने केला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, नायिकेच्या नवऱ्याने मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून जोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, आणि ही म्हणते, मी येणार नाही. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. म्हणजे तिच्या नकाराने नवऱ्याचा हिशेबच मोडतो. शहरातल्या तरुण वाचकांनी तिला डोक्यावर घेतले, तर गावाकडच्यांनी, घेतलेल्या उचलीला असे नाही म्हणता येते का, म्हणून मलाच फैलावर घेतले. सडा आणि बोली मी ऐकून बदलली, हा नकार बदलणार नाही. ती दोन माझी अज्ञाने होती, हा तिचा स्वभाव आहे.

आमच्या गल्लीतल्या मावशींनी कित्येक हंगाम कोयता चालवलेला. त्यांना मी तो भाग वाचून दाखवला. भाकरी थापता थापता त्यांनी सगळा ऐकला, तव्यावरची उलटली आणि म्हणाल्या, “समदं बराबर हाय. पर उचल कुनी फेडली?”

रविवार परवावर आला आहे आणि उचलीचा आकडा मी अजून ठरवलेला नाही.