घरच्या फाइल सर्व्हरवर मी डेबियन का टाकलं

अण्णांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग, आजोळचे स्कॅन केलेले फोटो, गावच्या जमिनीचे फेरफार आणि सातबारे. आमच्या साताऱ्याच्या घरातलं हे सामान एकदा गेलं की गेलं. त्यामुळे फाइल सर्व्हरसाठी, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवून घरच्या नेटवर्कवर देणाऱ्या मशीनसाठी, ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना मी एकाच प्रश्नावर अडून बसले: मशीन बंद पडलं आणि मी गावाला नसले, तर त्यातल्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावून घरातल्या कुणाला वाचता येतील का?

मशीन साधंच आहे. ऑफिसातून निघालेला जुना आय-थ्री डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क आणि सिस्टिमसाठी छोटी एसएसडी. लाइट जाते, म्हणून यूपीएस.

पहिल्यांदा सगळे ट्रूनॅस ही खास फाइल सर्व्हरसाठीची सिस्टिम सुचवतात. सॉफ्टवेअर उत्तम आहे, झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) त्याच्या मुळाशीच आहे. पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणजे माझं मशीन उंबरठ्यावरच. शिवाय फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टिमवरची त्याची कोअर आवृत्ती २०२४ पासून फक्त देखभालीपुरती उरली आणि सगळा जोर लिनक्सवरच्या आवृत्तीकडे गेला. एका कंपनीने दिशा बदलली की आपणही मागोमाग जायचं, हे मला घरच्या कपाटासाठी नको होतं. अनरेड या तशाच दुसऱ्या सिस्टिमला पैसे पडतात आणि लायसन्स सहसा पेनड्राइव्हला बांधलेलं असतं. मात्र त्यातली प्रत्येक डेटा डिस्क सुटी काढून वाचता येते, ही गोष्ट मला मनापासून आवडली. वेगवेगळ्या मापाच्या डिस्क पडून असतील, तर त्याचा विचार जरूर करावा.

ओपनमीडियाव्हॉल्ट या तिसऱ्या पर्यायावर मी जास्त रेंगाळले. ते डेबियनवरच, म्हणजे लिनक्सच्या एका मोफत आवृत्तीवर, उभं आहे, सगळं ब्राउझरमधून होतं, रॅमही थोडी पुरते. ज्यांना टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नको त्यांना मी आजही तेच सांगते. माझी अडचण एवढीच की सांबा या नेटवर्कवर फाइली देणाऱ्या सॉफ्टवेअरची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल हाताने बदलली, तर ते आपल्या नोंदींवरून ती पुन्हा लिहून काढतं. मला ती फाइल माझ्या हातात हवी होती.

म्हणून साधं डेबियन १२, वर सांबा, आणि दोन डिस्कचा झेडएफएस मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. लायसन्सच्या भानगडीमुळे डेबियनच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) झेडएफएस येत नाही. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, आपल्या मशीनवर तयार केलं जातं, आणि कर्नल अपडेट झालं की पुन्हा. त्यासाठी कर्नल हेडर्सचं पॅकेज टाकलेलं असावं लागतं. एवढी कटकट मी आनंदाने घेते, कारण झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा (तुकड्याचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डेबियन आपणहून स्क्रब लावतं, म्हणजे साठवलेला सगळा डेटा वाचून ताडून बघतं. एकदा पूलची (झेडएफएसने एकत्र जोडलेल्या डिस्कची) स्थिती दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटसमध्ये रीड, राइट, चेकसम या तीन रकान्यांपैकी शेवटच्यात एका डिस्कपुढे ३ चुका दिसल्या. डिस्कची स्मार्ट तपासणी, म्हणजे तिची स्वतःची आरोग्यचाचणी, स्वच्छ. साटा केबल बदलली, आकडे पुसले, पुन्हा स्क्रब लावला, शून्य. बिघडलेले ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त झालेच होते. नुसत्या ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर मला हे कळलंच नसतं. रेकॉर्डिंगमध्ये कधीतरी खरखर ऐकू आली असती आणि दोष कॅसेटला लागला असता.

रोज स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाच्या छब्या, घेतले जातात आणि सांबाच्या शॅडो कॉपी मॉड्यूलमुळे ते विंडोजमध्ये ‘मागील आवृत्त्या’ म्हणून दिसतात. वहिनींनी बारशाच्या फोटोंचं फोल्डर चुकून उडवलं, तेव्हा राइट क्लिक करून त्यांनी ते स्वतःच परत आणलं. मला फोन आला तो सगळं झाल्यावर.

मूळ प्रश्नाची परीक्षाही घेतली. दोन्ही डिस्क काढून भाच्याच्या कॉम्प्युटरला लावल्या आणि उबुंटू २४.०४ च्या पेनड्राइव्हवरून तो सुरू केला. उबुंटूच्या कर्नलसोबत झेडएफएस येतंच, फक्त त्याच्या कमांडचं पॅकेज घालून घ्यावं लागलं. मग पूल उघडणारी झेडपूल इम्पोर्ट कमांड, आणि अण्णांचा पखवाज त्याच्या स्पीकरवर वाजला. त्या कमांड मराठीत समजावून लिहिलेला कागद कॅबिनेटच्या आत चिकटवलाय. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून एक यूएसबी डिस्क पुण्याला दादाकडे असते. ती मुद्दाम एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये ठेवली आहे, कुठल्याही लॅपटॉपला लावली की उघडते.

आता डेबियन १३ वर जायचं आहे. त्यात झेडएफएस नवं आहे, त्यामुळे स्टेटसमध्ये पूल अपग्रेड करण्याची सूचना दिसेल. ती मी तशीच राहू देणार आहे. पूलमध्ये नवी फीचर्स वापरात आली की जुन्या झेडएफएसला तो उघडता न येण्याची शक्यता असते, आणि भाच्याकडचा पेनड्राइव्ह २४.०४ चाच आहे. आधी तो बदलेन, त्यावरून पूल उघडून बघेन, मग अपग्रेडचं बघू.